आत शिरल्यावर डाव्या हाताला काय?

खरं सांगा, कुणीतरी फोनवर फसलं असं कानावर आलं की तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं? 'अरेरे' येतं, की 'अक्कल काय गहाण टाकली होती का' असं येतं? तोंडाने सगळे अरेरेच म्हणतात. प्रश्न मनातला आहे.

दुसरं उत्तर आलं असेल तर लाजू नका. आत्याचंही तेच उत्तर होतं. फसलेल्या माणसाची तिला कीव येत नसे, संताप येत असे. "डोळे उघडे ठेवायला काही भाडं पडतं का?" असं ती म्हणायची, आणि म्हणताना हातातली कानस क्षणभरही थांबायची नाही.

आत्या म्हणजे बाजारातली कुलूपवाली. तिच्या भावाची मुलगी लहानपणी दिवसभर दुकानात बसून "आत्या, हे काय, आत्या, ते काय" करायची. ती मुलगी मोठी होऊन परगावी नोकरीला गेली, पण तिने लावलेली हाक मागेच राहिली. भाजीवाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळे आत्याच म्हणायचे. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत आत्याशिवाय एकच माणूस उभा राहू शकतो. दुसऱ्याला यायचं असेल तर पहिल्याने बाहेर पडावं. छत तिरकं. नवखा माणूस वाकला नाही की त्याचं कपाळ तिथे आपटणारच. "आमच्याकडे टेंगूळ फुकट, किल्लीचे पैसे," असं आत्या म्हणे. मागच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्या खिळ्यांना टांगलेल्या, मध्ये किल्ली कापायचं यंत्र, आणि त्या यंत्रातून उडणारा पितळेचा भुगा आत्याच्या केसांत, भुवयांत, चहाच्या कपात. संध्याकाळचं ऊन जिन्याच्या फटीतून आत आलं की तिचं डोकं चमकायचं. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असे: "लोकांची दारं उघडून आत काय चालतं ते बघितलंय ना, म्हणून."

धंदा वडिलांचा. त्यांनी तिला हातातलं काम शिकवलं, आणि त्याबरोबर एक नियम दिला. दार उघडून द्या म्हणून कुणी बोलावलं, तर कुलपाला हात लावायच्या आधी त्याला दाराबाहेर उभं करायचं आणि विचारायचं, आत शिरल्यावर डाव्या हाताला काय? समोरच्या भिंतीवर काय? स्वयंपाकघराचा पडदा कसला? मालक असेल तो झोपेतही सांगेल. मालक नसेल तो घरावरची पाटी वाचून दाखवेल, आवाज चढवेल, घड्याळाकडे बघेल.

एकदा एक गळ्यात टाय घातलेला माणूस तिला रिक्षातून घेऊन गेला होता. घर चांगलं, दार जाड, माणूस घाईत. आत्याने विचारलं, "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय?" तो म्हणाला, "अहो, सोफा." आत्याने विचारलं, "रंग?" तो म्हणाला, "तुम्हाला कुलूप उघडायचंय की घर विकत घ्यायचंय?" बस्स. आत्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं वाजवली आणि ती हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसली. तो माणूस घरमालकिणीचा दूरचा दीर निघाला. भांडण होतं, आणि त्याला आतली कपाटं हवी होती. ती गोष्ट बाजाराने वर्षानुवर्षं चघळली. आत्या असताना चोराला दार उघडून मिळत नाही, असं लोक म्हणायचे, आणि आत्या ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण मान थोडी ताठ व्हायची. होणारच. कुलूपवाल्याला दुसरी कसली शेती असते? ज्या हातात लोक घराची किल्ली देतात, त्या हाताबद्दल कुणाला शंका येत नाही, एवढीच त्याची मिळकत. ती गेली की दुकान म्हणजे जिन्याखालचं भोक.

आता फोनची गोष्ट.

दुपार होती. आत्या एका शाळेच्या कपाटाची किल्ली कापत होती. फोन वाजला, नंबर अनोळखी. अनोळखी नंबर उचलूच नका, असं शहाणपण सांगणाऱ्यांनी एक दिवस तिच्या स्टुलावर बसून बघावं. दाराबाहेर अडकलेल्या माणसाचा फोन आतच राहिलेला असतो; तो शेजाऱ्याच्या, वॉचमनच्या, रस्त्यावरच्या कुणाच्याही फोनवरून फोन करतो. तिचा धंदाच अनोळखी नंबरांवर चालायचा.

"नमस्कार, आपल्या फोन कंपनीच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. आपल्या नावावर दुसऱ्या गावात कुणीतरी सिमकार्ड मागितलंय. आपणच मागितलंय का?"

"मी कशाला मागू? एक सांभाळताना नाकी नऊ येतात."

"मग कुणीतरी आपलं नाव चोरतंय, मॅडम. आपण म्हणालात तर आत्ता थांबवतो."

आत्याने यंत्र बंद केलं. "थांब. तू कोण? आणि तू खरा कशावरून?"

पलीकडचा माणूस जराही चिडला नाही. "अगदी बरोबर विचारलंत. लोक एवढंही विचारत नाहीत, म्हणून तर फसतात."

हे ऐकून आत्या अर्धी तिथेच जिंकली गेली. कौतुक कुणाला नको असतं? तरी ती म्हणाली, "गोड बोलू नकोस. माझ्याबद्दल काय माहीत आहे ते सांग."

आणि तो सांगत गेला. तिचं पूर्ण नाव. वडिलांचं नाव. घराचा पत्ता, मजल्यासकट. बँक कुठली, खात्याचे शेवटचे आकडे कुठले. जन्मतारीखही सांगितली. ती मात्र कागदावरची. आत्याची खरी जन्मतारीख वेगळी आहे. शाळेत घालताना वडिलांनी गुरुजींसमोर अंदाजाने एक ठोकून दिली होती, तीच पुढे सगळीकडे चिकटली. त्या एका गोष्टीपाशी आत्याचं मन किंचित अडखळलं, पण पुढे गेलं. सरकारदरबारी तीच तारीख, तो बिचारा दुसरी कुठून सांगणार?

म्हणजे बघा, तिने तिचा नियम मोडला नाही. पाळला. आतलं काय ते विचारलं, आणि पलीकडच्याने डाव्या हाताचं, उजव्या हाताचं, समोरच्या भिंतीवरचं सगळं न अडखळता सांगितलं. इतकी वर्षं ज्या परीक्षेत तिने टायवाल्यांना नापास केलं, त्यात हा पहिल्या नंबराने पास झाला.

"आता आपल्या फोनवर एक आकडा येईल. तो सांगितलात की ती मागणी रद्द. सावकाश वाचा, गडबड नाही."

आत्याने चष्मा वर सरकवला आणि आकडा सावकाश वाचला.

संध्याकाळी घरी तिने ही हकिकत मीठमसाला लावून सांगितली. घरात ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ रंगारी, लोकांच्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा.

"अशी उलटतपासणी घेतली त्याची," आत्या म्हणाली, "वकील असता तरी घाम फुटला असता."

"आणि फुटला का?" भावजयीने विचारलं.

"नाही. खरा होता ना तो."

"वन्सं, तुमच्या फोनला रेंज का नाही मग? दुपारपासून लावतेय मी. साबण आणायला सांगायचं होतं."

"ह्या घराच्या भिंतीच जाड," आत्या म्हणाली, आणि फोन उशाशी ठेवून झोपली. फोन मेलेला होता. त्याचा जीव दुसऱ्या गावात दुसऱ्याच कुणाच्या हातात धडधडत होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ती पितळेचा भुगा झाडत होती, तेव्हा समोरचा इस्त्रीवाला रस्ता ओलांडून आला. हा माणूस रोज सकाळी आत्याच्या चहातला अर्धा चहा प्यायचा. त्या दिवशी चहाकडे त्याने बघितलंही नाही.

"आत्या, काल तुम्ही मेसेज केलात तो कशाचा होता?"

"मी? मेसेज? मला लिहायचा कंटाळा, तुला ठाऊक आहे."

त्याने फोन पुढे केला. आत्याने गिऱ्हाइकांसाठी फोनवर एक ग्रुप केला होता; दुकान बंद असेल, नवी कुलपं आली असतील, तर त्यावर ती कळवायची. त्याच ग्रुपवर, तिच्याच नंबरवरून, तिच्याच फोटोखाली लिहिलं होतं: 'आवाज बसलाय म्हणून लिहून सांगते. चोऱ्या वाढल्यात. तुमच्या कुलपाची नोंद करायची आहे. खालची लिंक उघडा. जो आकडा येईल तो मला पाठवा. तुमची आत्या.'

"मी उघडली लिंक," इस्त्रीवाला म्हणाला. "आकडा पाठवला. तुम्ही मागितलात म्हणून पाठवला. बँकेतून म्हणतात, सगळं गेलं."

"अरे, मी नाही मागितला."

"नंबर तुमचा आहे, आत्या."

"नंबर माझा आहे, पण माणूस मी नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत शिवी असती तर आत्याने ती शिवीने फेडली असती. नजरेत हिशेब चालला होता: ही खरं बोलतेय की नाही? आणि आत्याला कळलं की इतकी वर्षं दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसांकडे ती अशीच बघत होती. आज दाराबाहेर ती होती.

दुपारपर्यंत आणखी काहीजण येऊन गेले. कुणी रडलं, कुणी ओरडलं, कुणी नुसतं उभं राहून गेलं. सगळ्यांत वाईट खबर शेवटच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरीणबाईंची होती. त्या एकट्या राहायच्या. त्यांच्या दाराला आत्यानेच तीन कुलपं बसवली होती. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेलं सगळं त्यांच्या खात्यातून नाहीसं झालं होतं. त्या आल्या नाहीत. त्यांनी निरोपही पाठवला नाही.

आत्या आधी फोन कंपनीच्या कचेरीत गेली. काचेपलीकडे एक मुलगी बसली होती, नजर पडद्यावर.

"मॅडम, मागणी तुमच्याकडूनच आलीय. तुमचा आकडा टाकून मंजूर झालीय."

"मी मागणी केली नाही."

"आकडा कुणाला सांगितला होतात का?"

"सांगितला. तुमच्या माणसाला."

"आमची माणसं आकडा विचारत नाहीत, मॅडम."

"हे मला कधी सांगितलं होतंत?"

"मेसेजमध्ये खाली लिहिलेलं असतं."

"तुमचे मेसेज सकाळपासून येतात. गाणं लावा, नवा प्लॅन घ्या, बक्षीस जिंका. ढोल बडवता बडवता कानात कुजबुजायचं, आणि वर विचारायचं, ऐकलं का नाहीत?"

आतून साहेब आले. "मॅडम, जरा शांत व्हा."

"शांत होते तेव्हाच गेलं सगळं," आत्या म्हणाली. "एकच सांगा. माझा नंबर उचलून दुसऱ्याच्या हातात दिलात, तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्याचं तोंड बघितलं?"

"हे सगळं आता ऑनलाइन होतं."

"म्हणजे नाही बघितलं."

साहेबांनी खांदे उडवले. आत्या बाकड्यावर बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि नंबर बंद होऊन नवं कार्ड हातात पडेपर्यंत उठली नाही. जाहिरातीतली हसरी कुटुंबं चारी भिंतींवरून तिच्याकडे बघत होती. शेवटी मुलीने ओळखपत्राची झेरॉक्स मागितली. आत्याने झेरॉक्सवर, स्वतःच्या छापील चेहऱ्यावरून आडवं, जाड पेनाने लिहिलं: 'फक्त नवीन कार्डासाठी', आणि खाली त्या दिवसाची तारीख.

"त्यावर असं लिहायचं नसतं, मॅडम."

"तोंड माझं आहे. मी लिहीन."

पोलीस चौकीत तक्रार लिहून घेतली, शिक्क्याची प्रत दिली. ते झालं. पण लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवताना शेजारच्याला डोळा मारला. "म्हणजे कुलूपवालीचंच कुलूप फुटलं म्हणायचं."

शेजारचा हसला. आत्या म्हणाली, "चोर बाहेर हिंडतोय. हसून झालं असेल तर त्याच्याकडे बघा."

ते वाक्य तिच्या आधी बाजारात पोचलं. तिचं नाही, पोलिसाचं. कुलूपवालीचंच कुलूप फुटलं. पानवाल्याने म्हटलं, न्हाव्याने म्हटलं, दूधवाल्याने हसत हसत म्हटलं. चोराचं कुणी नावही काढत नव्हतं. चोराने कुठे बसून, किती जणांना, कुठल्या गोड आवाजात लुटलं, ह्याची कुणाला पडली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि गंमत बघा, ह्या फाशीची दोरी चोराला फुकटात मिळते. माणूस फसतो, लाजतो, गप्प बसतो. तोवर चोर पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. आपल्या हसण्यावर चोरांची पोटं भरतात. आपण त्यांचे बिनपगारी नोकर.

आत्याने हे सगळं गिळलं. पण एक गोष्ट तिला गिळता आली नाही. एका सकाळी तिने समोर बघितलं, तर इस्त्रीवाल्याच्या टपरीला नवं कुलूप होतं. चपटं, निळसर, तिच्याकडे न मिळणारं. पलीकडच्या बाजारातून आणलेलं. जुनं कुलूप तिने बसवलेलं होतं, अजून पाच-दहा वर्षं सहज चाललं असतं. त्याला खोट नव्हती. इस्त्रीवाल्याने कुलूप बदललं नव्हतं, आत्याला बदललं होतं. मग ती गल्लीतून चालत गेली आणि दारं बघत गेली. निळसर कुलपं आणखी दिसली.

घरी आल्यावर ती जेवली नाही.

"ताई, नंबर बदलून टाक," भाऊ म्हणाला. "महिनाभर दुकान बंद ठेव. लोक विसरतात. कुणी विचारलं तर सांग, मशीन बिघडलं होतं. तू फसलीस हे तोंडाने कबूल केलंस की धंदा संपला. कुलूपवाली फसली म्हटल्यावर कोण येईल?"

"आत्ता तरी कोण येतंय?"

"लोकांना वाटू दे फोन हॅक झाला. तुझी चूक नाही, मशीनची चूक."

भावजय ताट उचलत होती. ती म्हणाली, "पण वन्सं, त्याला तुमचं सगळं कळलं कुठून?"

आत्या बोटांवर मोजू लागली. कुठून? फोन घेतला तिथे झेरॉक्स दिली होती. बँकेत दिली होती. गॅस घेताना, भाड्याच्या कराराला, दवाखान्यात, कुरिअरवाल्याला, लकी ड्रॉच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या त्या गोड पोरीला. मागेल त्याला तिने स्वतःचं तोंड, नाव आणि पत्ता देऊन टाकला होता, आणि एकानेही त्या कागदाचं पुढे काय करतो ते सांगितलं नव्हतं. तिचं घर बंद होतंच कुठे? भिंतीच नव्हत्या त्याला. आणि तिला ती जन्मतारीख आठवली. कागदावरची, वडिलांनी ठोकून दिलेली. खऱ्या घरात शिरलेल्या माणसाने ती नाही, खरी सांगितली असती. घरात खरी तारीख सगळ्यांना ठाऊक आहे.

"त्याला मी माहीत नव्हते," ती म्हणाली. "माझा कागद माहीत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा प्रश्नच चुकला गं. आतलं काय ते चोरालाही माहीत असू शकतं. मी बघायला हवं होतं की तो मागतोय काय. घराचा मालक दुसऱ्याकडे किल्ली कशाला मागेल? फोन कंपनीनेच आकडा पाठवला, मग तो तिलाच वाचून दाखवायला कशाला हवा? हे मला बाराव्या वर्षी, वडिलांनी हातात कानस दिली तेव्हाच कळायला हवं होतं."

"म्हणजे आता तू स्वतःला शिव्या देत बसणार," भाऊ म्हणाला.

"नाही. आता तुझा काळा रंग आणि ब्रश दे."

"कशाला?"

"पाटी लिहायची आहे."

काय लिहिणार ते ऐकल्यावर भावाने रंग द्यायला नकार दिला. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणाला. घराण्याचा धंदा, वडिलांचं नाव, सगळं काढलं. आत्या म्हणाली, "वडिलांचं नाव त्या चोराने फोनवर घेतलंय. तू आता मध्ये पडू नकोस." मग तिने स्वतःच डबा उघडला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचं लपवलं, तर मागच्याने शहाणं व्हायचं कशाने?

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या दुकानावर वेडीवाकडी अक्षरं झळकली. ती बघून भावाच्या अंगावर काटा आला, कारण एकही ओळ सरळ नव्हती. 'मी फसले. फोनवर आकडा सांगितला. माझ्या नंबरवरून तुम्हाला मेसेज आला तो चोराचा होता. मी कुणाकडे आकडा मागत नाही, मागणार नाही. शंका आली तर फोन ठेवा, इथे या, माझं तोंड बघा.'

लोक थांबून वाचायचे. काही हसले. एकाने फोटो काढला. पण दुपारी केळीवाली टोपली खाली ठेवून हळूच म्हणाली, "आत्या, माझ्या जावयालाही असाच फोन आला होता. घरात कुणाला सांगितलं नाही त्याने. फक्त मला सांगितलं, म्हणाला, शपथ घ्या, कुणाला बोलणार नाही."

"मग मला का सांगतेस?"

"तुम्ही एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंत. मला वाटलं, इथे चालेल."

त्याच दिवशी संध्याकाळी आत्या मास्तरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. तीन कुलपं, तिन्ही तिचीच. अजून बदललेली नव्हती. तिने कडी वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला.

"आत्या."

मग बाईंचा तोच मास्तरकीचा आवाज, पण आतून सुकलेला: "आत्याच कशावरून?"

आत्याने कडीवरचा हात काढून घेतला.

"तुम्ही इतरांना विचारता ना," बाई म्हणाल्या, "मग सांगा. आत शिरल्यावर डाव्या हाताला काय?"

आत्याला ठाऊक होतं. छत्र्यांचा स्टँड, त्यावर बाईंच्या यजमानांची काठी, अजून तिथेच. समोर भिंतीवर जगाचा नकाशा, एका कोपऱ्यातून सुटलेला. तिने कुलूप बसवताना तो पाहिला होता. शब्द जिभेवर आले. तिने ते परत घेतले.

"सांगणार नाही, बाई," ती म्हणाली.

"का?"

"कारण सांगितलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही. मला असंच सांगून त्याने उघडायला लावलं. तुम्ही उघडू नका. आतलं कुणी कितीही सांगितलं तरी उघडू नका. मी तुमच्या दारी आले, इथेच चूक आहे. उद्या उजेडात तुम्ही माझ्या दारी या. दुकान तुम्हाला माहीत आहे. मला तिथे बघा, मग काय बोलायचं ते बोला. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही तिथेच द्या. मी कुठे जात नाही."

आत्या जिना उतरली. अर्ध्यावर असताना तिला वर साखळी सरकल्याचा आवाज आला. तिने वळून बघितलं नाही. बघणाऱ्याला बघू द्यावं.

सकाळी मास्तरीणबाई आल्या. छत्री टेकत, एकेक पाऊल चाचपत. पाटीसमोर उभ्या राहून त्यांनी सगळी पाटी वाचली, डोळे अगदी जवळ नेऊन. मग आत शिरताना वाकल्या नाहीत, आणि कपाळ छताला आपटलं.

"बसा," आत्या म्हणाली. "टेंगूळ फुकट."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अक्षर फार वाईट आहे तुमचं."

"शाळेत मारलं नाहीत तुम्ही पुरेसं."

"तुम्ही माझ्या शाळेत नव्हतात."

"म्हणून तर."

मग बाई स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. आत्याने कानस बाजूला ठेवली. यंत्र बंद केलं. दोघी मिळून बँकेत गेल्या, तिथल्या साहेबाशी भांडल्या, तक्रार लिहिली, पोचपावती घेतली. साहेब म्हणाला, "लगेच कळवलं असतंत तर रक्कम अडवता आली असती." बाई म्हणाल्या, "लाज वाटली हो." साहेबाने मान हलवली, जणू लाज वाटणं हा बाईंचा वेगळा गुन्हा. आत्या त्याच्यावर एवढी ओरडली की रखवालदार आत आला. रखवालदाराच्या कुलपाची किल्लीही आत्यानेच कापलेली. तो परत बाहेर गेला.

बाईंचं सगळं परत मिळालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. थोडं मिळालं, बाकीच्यासाठी अजून चकरा चालू आहेत. ऑपरेशन पुढे गेलं. चोर सापडला नाही. इस्त्रीवाल्याच्या टपरीवर निळसर कुलूप अजून आहे; तो आता चहा स्वतःचा स्वतः करतो, आणि आत्या त्याला दोष देत नाही. पण बाई त्या दिवशी जाताना तिसऱ्या कुलपाची जास्तीची किल्ली आत्याच्या हातात ठेवून गेल्या. "मला दिसेनासं झालं तर कुणाकडे तरी असावी," एवढंच म्हणाल्या. ती किल्ली आत्याने भिंतीवर टांगली नाही. दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. भाऊ म्हणाला, हे काय नवं? भावजय म्हणाली, असू द्या हो.

पाटी अजून आहे. उन्हाने अक्षरं फिकी झाली की आत्या पुन्हा गिरवते, पुन्हा वाकडी. तिथे येऊन लोक हळूच सांगतात: मलाही आला होता, माझ्या मुलीलाही, माझ्या साहेबांनाही. सगळे शहाणे, सगळे शिकलेले-न-शिकलेले, सगळे लपवून बसलेले. आत्या आता "डोळे उघडे ठेवायला भाडं पडतं का" असं म्हणत नाही. ती विचारते, "कधी आला? आजच? मग इथे काय करतोयस, आधी बँकेला कळव, कार्डामागे छापलेल्या नंबरवर, पळ." आणि माणूस पळतो.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढचा गोड आवाज तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव, तुमचा मजला घडाघडा सांगेल, तेव्हा कौतुकाने ऐकत बसू नका. फोन ठेवा, आणि विचारायचं असेल ते स्वतः त्या कचेरीच्या दारात जाऊन विचारा. आणि आज घरी जेवायला बसाल तेव्हा ताटावर बसलेल्या प्रत्येकाला विचारा, असा फोन तुला आला होता का. कुणी मान खाली घातली, तर त्याच्या शेजारी सरकून बसा, आणि कृपा करून हसू नका.